हेक्सामेथोनियम प्रकरण : जे संशोधन होतं, पण शोधात आलं नाही

४ मे २००१ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दमा आणि अॅलर्जी केंद्रात, चोवीस वर्षांच्या एका तरुणीने सुमारे एक ग्रॅम हेक्सामेथोनियम हे रक्तदाबाचं जुनं औषध श्वासावाटे घेतलं. तिला कुठलाही आजार नव्हता. ती त्याच केंद्रात तंत्रज्ञ होती आणि एका संशोधनासाठी निरोगी स्वयंसेवक म्हणून पुढे आली होती. दुसऱ्याच दिवशी तिला कोरडा खोकला सुरू झाला. ९ मेपर्यंत ताप आला, रक्तातला ऑक्सिजन कमी झाला आणि तिला दाखल करावं लागलं. पुढे अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, आणि २ जूनला मृत्यू. फुफ्फुसं पूर्ण निकामी झाली होती.

संशोधनाच्या नीतिमत्तेच्या अंगाने या प्रकरणावर जगभर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून मला त्यातला एकच धागा नीट उलगडायचा आहे. हेक्सामेथोनियममुळे फुफ्फुसांना इजा होऊ शकते हे १९५३-५४ साली नामांकित नियतकालिकांत छापून आलं होतं. मग २००१ साली, जगातल्या उत्तमांपैकी एका विद्यापीठात, अनुभवी संशोधकाच्या शोधात ते का आलं नाही? आणि आज पुण्यात किंवा लातूरमध्ये एमडीचा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या शोधात तरी ते येईल का?

प्रयोग काय होता

निरोगी माणसाच्या श्वासनलिका एखाद्या द्रव्याने आकसल्या, तरी त्याने खोल श्वास घेतला की त्या पुन्हा मोकळ्या होतात. दम्याच्या रुग्णात हे तितकंसं घडत नाही. निरोगी फुफ्फुसांना हे संरक्षण कशामुळे मिळतं, त्यात मज्जातंतूंचा वाटा किती, हा त्या प्रयोगाचा प्रश्न होता. प्रश्न चांगला होता आणि दम्याच्या रुग्णांच्या कामाचा होता. मज्जातंतूंचा वाटा तपासायचा तर त्यांचे संदेश तात्पुरते बंद करावे लागतात, आणि त्यासाठी निवडलं गेलं हेक्सामेथोनियम.

हे औषध नवं नव्हतं. १९४८ साली इंग्लंडमध्ये पेटन आणि झेमिस यांनी त्याचा आणि त्याच्या भावंड-संयुगांचा परिणाम दाखवून दिला होता. स्वायत्त मज्जासंस्थेतल्या गँग्लिया नावाच्या जोडस्थानकांवर ते संदेश अडवतं. त्या काळी अतितीव्र रक्तदाबाचा रुग्ण म्हणजे थोड्या महिन्यांचा सोबती, अशी स्थिती होती. अशा रुग्णांसाठी हे पहिल्या खऱ्या औषधांपैकी एक ठरलं. बद्धकोष्ठता, लघवी अडणं, उभं राहताच चक्कर येणं असे त्याचे त्रासही मोठे होते. पुढे बरी औषधं आली, हे मागे पडलं आणि १९७२ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने त्याची मान्यता काढून घेतली. २००१च्या प्रयोगात वापरलेलं हेक्सामेथोनियम औषध म्हणून विकलं जाणारं नव्हतं. ते रसायनं पुरवणाऱ्या कंपनीकडून, प्रयोगशाळेतल्या वापरासाठीचं म्हणून आलेलं होतं.

शोध कसा घेतला गेला

प्रमुख संशोधकाने शोध घेतलाच नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर शोध घेतला, प्रचलित पाठ्यपुस्तकं पाहिली, आणि त्या वेळच्या बातम्यांनुसार गूगल, याहू यांसारख्या सर्च इंजिनांवरही पाहिलं. विद्यापीठाच्या नीतिशास्त्र समितीपुढे त्यांनी श्वासावाटे हेक्सामेथोनियम दिल्याचे चार प्रकाशित लेख ठेवले. त्या चारही लेखांत मिळून माणसं होती वीस. समितीने सप्टेंबर २००० मध्ये मान्यता दिली.

इथे थोडं थांबू या. संख्याशास्त्रात तीनाचा नियम म्हणून एक सोपा आडाखा आहे. एखादी वाईट घटना इतक्या माणसांत एकदाही घडली नाही असं दिसलं, तर तीनला त्या संख्येने भागायचं. खरा धोका साधारण तिथपर्यंत असू शकतो. वीस जणांपैकी एकालाही काही झालं नाही असं धरून चाललं, तरी तीन भागिले वीस म्हणजे १५ टक्के. सातात एक असा धोकाही त्या वीस जणांच्या आकड्यात सहज लपून राहू शकतो. ज्या पुराव्यावर सुरक्षिततेचा भरवसा ठेवला गेला, त्याचं वजन एवढंच होतं. म्हणून खरा भार पडत होता तो ‘बाकी काही सापडलं नाही’ या वाक्यावर.

आणि ते वाक्य कुणी तपासलं नाही. संशोधकाला काय सापडलं ते समितीने वाचलं. शोध कुठे घेतला, कुठल्या सालापासून घेतला, कुठले शब्द टाकले, हे विचारण्याची पद्धतच नव्हती.

माहिती होती कुठे

१९५३ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगावरच्या अमेरिकी नियतकालिकात मॉरो, श्रोडर आणि पेरी यांचा लेख आला. हेक्सामेथोनियम आणि हायड्रॅलझिन ही जोडी ते रक्तदाबासाठी वापरत होते. या जोडीला त्यांनी ‘हायफेक्स’ असं लघुनाव दिलं होतं आणि हा लेख तिच्या विषारी परिणामांवर होता. १९५४ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये डोनियाक, मॉरिसन आणि स्टायनर यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच हेक्सामेथोनियम उपचारांदरम्यान फुफ्फुसांत होणारे बदल असं स्पष्ट लिहिलेलं आहे. १९५७ साली पेरी आणि सहकाऱ्यांनी गँग्लिया अडवणाऱ्या औषधांनंतरच्या फुफ्फुसविकारावर पुन्हा लिहिलं. विषय इतका परिचयाचा झाला होता की ‘हेक्सामेथोनियम लंग’ असा शब्दप्रयोगच डॉक्टरांत रूढ झाला.

म्हणजे माहिती दुर्मीळ नव्हती, गुप्त नव्हती, परक्या भाषेतही नव्हती. पण ती १९६६च्या आधीची होती.

पबमेड १९९७ साली सर्वांसाठी मोफत खुलं झालं. त्याच्या पोटात असलेला, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा मेडलाइन हा डेटाबेस २००१ साली १९६६पासून सुरू होत होता. त्याआधीचं वैद्यकीय वाङ्मय ‘इंडेक्स मेडिकस’ आणि तिच्या भावंडांच्या छापील खंडांत नोंदलेलं होतं. हे खंड ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ते कष्ट आठवत असतील. प्रत्येक सालाचा वेगळा खंड काढायचा, बारीक टाइपातल्या विषयमथळ्यांखाली औषध हुडकायचं, नोंदी उतरवून घ्यायच्या, मग पुढच्या सालाचा खंड काढायचा. राष्ट्रीय ग्रंथालयाने या जुन्या नोंदींपैकी काही तोवर संगणकावर आणल्याही होत्या. त्या ‘ओल्डमेडलाइन’ नावाने वेगळ्या ठेवलेल्या होत्या आणि पबमेडच्या शोधपेटीत टाइप केलं तर त्या दिसत नव्हत्या. शिवाय तेव्हा ओल्डमेडलाइनही १९५०च्या दशकाच्या शेवटाशी थांबत होतं, त्यामुळे १९५३-५४चे लेख त्यातही मिळाले नसते. त्यासाठी ग्रंथालयात जाऊन खंडच उघडायला हवे होते.

योगायोग असा की त्याच २००१ साली मायकेल बर्गमन यांचा डीप वेबवरचा गाजलेला लेख प्रसिद्ध झाला. सर्च इंजिनांना दिसतो त्याच्या कित्येक पटींनी मोठा मजकूर डेटाबेसांच्या आत दडलेला आहे, हे त्यांनी मांडलं. आपल्याकडे डीप वेब म्हटलं की लोकांना डार्क वेब आठवतं, काळे धंदे आठवतात. त्याच्याशी आपला इथे काही संबंध नाही. सर्च इंजिनाचा यंत्रमानव एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं गोळा करतो. जे पान कुणीतरी शोधपेटीत शब्द टाकल्यावरच तयार होतं, किंवा ज्याला वर्गणीचं कुलूप आहे, तिथे तो सहसा पोचत नाही. ग्रंथालयांचे कॅटलॉग, चाचण्यांच्या नोंदवह्या, प्रबंधांचे संग्रह, पेटंटं, सरकारी अहवाल हे सगळं बहुतांशी त्या भागातलं. आणि त्याच्याही खाली आणखी एक थर असतो, जो इंटरनेटवर अजून आलेलाच नाही. १९५३-५४चे हे लेख २००१ साली बव्हंशी या शेवटच्या थरात, कपाटातल्या बांधीव खंडांत होते.

फक्त १९६६ची भिंत नव्हती

हे प्रकरण सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. पबमेड १९६६ला थांबत होतं, म्हणून सापडलं नाही, असा त्याचा सारांश झालेला आहे. मला तो अपुरा वाटतो, आणि थोडा सोयीचाही.

मानवी संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाने जुलै २००१ मध्ये विद्यापीठाला पत्र पाठवलं. हेक्सामेथोनियम आणि फुफ्फुसांची इजा यांचा संबंध नेहमीच्या मेडलाइन शोधातून, इंटरनेटवरच्या डेटाबेसांतून आणि फुफ्फुसांच्या विकृतिशास्त्रावरच्या अलीकडच्या पाठ्यपुस्तकांतूनही सहज मिळण्याजोगा होता, असं त्यांनी त्यात म्हटलं. म्हणजे भिंतीच्या अलीकडेही खुणा होत्या.

असं का झालं असावं? माझ्या रोजच्या कामातला अनुभव असा की माणूस आपल्या प्रयोगाच्या शब्दांत शोध घेतो. हेक्सामेथोनियम श्वासावाटे द्यायचं आहे, तर ‘हेक्सामेथोनियम’ आणि ‘श्वासावाटे’ हे शब्द पडतात. पण इजेबद्दल लिहिणारा लेखक दुसऱ्या बाजूने येतो. तो लिहितो औषधांमुळे होणाऱ्या फुफ्फुसविकारांबद्दल. त्यात पन्नासएक औषधं येतात आणि हेक्सामेथोनियम एखाद्या तक्त्यात किंवा ‘गँग्लिया अडवणारी औषधं’ या गटात जाऊन बसतं. शीर्षकात ते नसतं, सारांशातही नसतं. डेटाबेस शीर्षक, सारांश आणि विषयमथळे एवढंच पाहतो, त्यामुळे त्याला तो लेख दिसतच नाही. वाचकाने गटाच्या नावाने, आजाराच्या नावाने शोध घेतला तरच तो हाती लागतो. एखाद्याच्या घरी जायचं तर त्याचं नाव माहीत असून भागत नाही, गल्लीत त्याला कुठल्या नावाने ओळखतात ते विचारावं लागतं, तसंच हे.

आणखी एक दारही होतं. १९७०-८०च्या दशकांतला एखादा आढावा-लेख हाती घेतला असता, तर त्याच्या संदर्भयादीतून १९५०च्या दशकात उतरता आलं असतं. संदर्भयादी साल बघत नाही. डेटाबेस १९६६ला थांबला तरी १९७२च्या लेखाखालची यादी थांबत नाही.

लक्ष देण्यासारखी तिसरी गोष्ट पुस्तकात नव्हती, प्रयोगातच होती. ही तरुणी तिसरी स्वयंसेवक. पहिल्याला औषधानंतर खोकला आणि धाप लागली होती, जी काही दिवसांनी गेली. ते नीतिशास्त्र समितीला वेळीच कळवलं गेलं नाही. ज्याच्या मनात १९५४च्या लेखाचं शीर्षक असेल त्याला तो खोकला वेगळा ऐकू आला असता. ज्याला ‘काही सापडलं नाही’, त्याला तो साधा खोकला वाटला. वाङ्मयशोधाचं मोल मला सगळ्यात जास्त इथे जाणवतं. तो मान्यता मिळवण्यापुरता नसतो, पुढे समोर जे दिसेल ते ओळखता यावं यासाठी असतो.

१९ जुलै २००१ रोजी सरकारने हॉपकिन्समधलं सरकारी पैशावर चालणारं, माणसांवरचं जवळपास सगळं संशोधन थांबवलं. काही दिवसांत ते अटींवर टप्प्याटप्प्याने सुरू झालं. विद्यापीठाने जबाबदारी स्वीकारली आणि पुढे कुटुंबाशी तडजोड झाली. विद्यापीठाच्या स्वतःच्या चौकशी समितीचा निष्कर्ष असा होता की मृत्यूचं कारण बहुधा श्वासावाटे घेतलेलं हेक्सामेथोनियमच असावं.

जुना लेख सापडला, तर त्याचं करायचं काय

सापडणं आणि विश्वासार्ह असणं वेगळं. समजा २००१ साली कुणी ते खंड काढून १९५३-५४चे लेख टेबलावर ठेवले असते. प्रामाणिक वाचकाला त्यांत अडचणी दिसल्याच असत्या. ते रुग्ण अतितीव्र रक्तदाबाचे, आधीच खंगलेले. औषध आठवडे-महिने चाललेलं, तेही इंजेक्शनने किंवा तोंडावाटे. हायफेक्सच्या लेखात दोन औषधं एकत्र, मग दोष कुणाचा? तुलनेसाठी दुसरा गट नाही. आजच्या पद्धतीने अशा पुराव्याला गुण द्यायचे तर ते कमीच पडतील.

पण पुराव्याची ही उतरंड ‘औषधाने फायदा होतो का’ या प्रश्नासाठी बांधलेली आहे. फायदा सिद्ध करायला जो पुरावा दुबळा पडतो, तोच धोक्याची सूचना म्हणून पुरेसा असू शकतो. एका निरोगी तरुणीला, जिला या औषधाचा तिळमात्र फायदा होणार नाही, ते द्यायचं की नाही हे ठरवताना फुफ्फुसांतल्या बदलांची अशी वर्णनं हाताशी असणं, एवढ्यानेही प्रश्न बदलला असता. छातीचा एक्स-रे आधी आणि नंतर काढायचा का, दोन स्वयंसेवकांमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, संमतिपत्रात काय लिहायचं, एफडीएला विचारायचं का, हे सगळं नव्याने पाहावं लागलं असतं.

उलट बाजूनेही हेच लागू आहे. एखादी गोष्ट सर्च इंजिनाला दिसत नाही म्हणून ती जास्त अस्सल, असं मानण्याचं काही कारण नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं डेटाबेसांतही शिरतात. मागे घेतलेले लेख लोक वर्षानुवर्षं उद्धृत करत राहतात. म्हणून पबमेडच्या नोंदीवर लेख मागे घेतल्याचा शेरा आहे का, हे बघितल्याशिवाय मी कुणाला छापील प्रत देत नाही.

तोच शोध आज

आज पबमेड उघडून हेक्सामेथोनियम आणि लंग हे दोन शब्द इंग्रजीत टाकले, तर १९५४चा तो लेख तिथे आहे. ओल्डमेडलाइनच्या नोंदी पुढच्या वर्षांत पबमेडमध्येच मिसळल्या गेल्या आणि मागे १९४०च्या दशकापर्यंत भरल्या गेल्या. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’चे जुने अंक पबमेड सेंट्रलवर पानापानाने स्कॅन करून मोफत ठेवलेले आहेत. कुठल्याही तालुक्याच्या गावातून मोबाइलवर ते वाचता येतात. हे फार मोठं काम झालेलं आहे.

पण ती जुनी नोंद जरा निरखून पाहा. शीर्षक आहे, लेखकांची आडनावं आणि आद्याक्षरं आहेत, अंक आणि पानं आहेत, आणि सारांशाच्या जागी काही नाही. जुन्या नोंदींना सारांश नसतो. म्हणजे डेटाबेसकडे तुलना करायला फक्त शीर्षकातले शब्द आणि मोजके विषयमथळे उरतात. डोनियाक यांच्या शीर्षकात सुदैवाने औषध आणि फुफ्फुस दोन्ही आहेत. पण हायफेक्सच्या शीर्षकात ना हेक्सामेथोनियम आहे, ना फुफ्फुस. तो ‘रक्तदाबाचं नियंत्रण’ आणि ‘विषारी परिणाम’ अशा शब्दांखाली सापडतो. यात भर म्हणजे आपले हात सवयीने ‘गेली ५ वर्षं’, ‘गेली १० वर्षं’ या चौकटीवर टिचकी मारतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना गाइडच सांगतात, संदर्भ ताजे हवेत. ताजे संदर्भ हवेतच, उपचारांसाठी तर हवेतच. पण ज्या औषधाचा सगळा वापर १९५०च्या दशकात झाला, त्याचे दुष्परिणामही त्याच दशकात छापलेले असणार. औषध बाजारात कधी आलं आणि कधी गेलं हे आधी बघायचं आणि शोधाची सालं त्यावरून ठरवायची.

त्यामुळे माझ्याकडे कुणी जुन्या औषधाचा शोध घेऊन आला, तर आम्ही आधी नावांचा कागद करतो. रासायनिक नाव, जुनी व्यापारी नावं, त्या काळातलं लघुनाव (हेक्सामेथोनियमला सी-६ म्हणत), औषधाचा गट, आणि शंका असलेल्या अवयवाची जुनी-नवी आजारनावं. आज ज्याला आपण फुफ्फुसाची औषधजन्य इजा म्हणतो, त्याला १९५०च्या दशकात न्यूमोनायटिस, फायब्रोसिस, दीर्घकालीन इडीमा असं काहीही म्हटलेलं असू शकतं. मग पबमेड, मग दुसरा एखादा डेटाबेस, कारण युरोपातली पुष्कळ औषधविषयक नियतकालिकं एम्बेसमध्ये जास्त चांगली मिळतात. मग एक चांगला आढावा-लेख घेऊन त्याच्या संदर्भयादीतून मागे, आणि त्याला नंतर कुणी उद्धृत केलं ते पाहत पुढे. पुढे-मागे जाताना तेच ते लेख पुन्हा समोर येऊ लागले की शोध भरत आल्याची खूण समजायची.

मुंबईचा एक लेख, त्याच नियतकालिकात

१९४९ साली, म्हणजे डोनियाक यांच्या लेखाच्या पाच वर्षं आधी, त्याच ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख आला. विषय होता उच्चरक्तदाबावर सर्पगंधेचा वापर. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे त्याआधी १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये लिहिलं होतं. पण जगाचं लक्ष वळलं ते वकिलांच्या लेखानंतर. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं केलं गेलं आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

एकाच आजारावरचं, एकाच काळातलं हे काम. फरक कुठे छापलं यात होता. १९३१चं निरीक्षण भारतीय नियतकालिकात होतं आणि सुमारे दोन दशकं बाहेर फारसं कुणी पाहिलं नाही. म्हणून मला ही जोडी विद्यार्थ्यांना दाखवायला आवडते. १९४९चा लेख मोबाइलवर दोन मिनिटांत उघडतो. १९३१चा मागितला, तर मात्र ग्रंथालयांचे कॅटलॉग धुंडाळणं आणि दुसऱ्या ग्रंथालयाला प्रतीसाठी पत्र लिहिणं सुरू होतं.

सगळंच भारतीय साहित्य असं दूर नाही. कलकत्त्याहून १८६६पासून निघणाऱ्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’चे अंक पबमेड सेंट्रलवर आहेत. मुंबईच्या केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेजातून १९५५ साली सुरू झालेलं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ मोफत वाचता येतं. प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. देशात चाललेल्या चाचण्यांसाठी २००७पासून सीटीआरआय ही नोंदवही आहे आणि २००९पासून तिच्यात नोंद करणं सक्तीचं झालं. तिच्यातलं नेमकं पान गूगलवरून मिळेल या भरवशावर राहू नका, तिच्याच शोधपेटीत शब्द टाका. जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. खासगी महाविद्यालयांतले विद्यार्थी मात्र अजून त्याबाहेर आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या थोडी नाही.

समितीच्या टेबलावर काय हवं

आपल्याकडे सिनॉप्सिसला रिव्ह्यू ऑफ लिटरेचर जोडलेला असतो. त्यात काय सापडलं ते असतं. माझी मागणी अर्ध्या पानाची आहे, आणि मी ती आमच्या विद्यार्थ्यांकडून करून घेते. हेक्सामेथोनियमसाठी ते अर्धं पान असं दिसलं असतं : पबमेड, १९६६ ते आजवर, टाकलेले शब्द अमुक, शोधाची तारीख अमुक, इतक्या नोंदी, त्यांपैकी पूर्ण वाचलेल्या इतक्या. औषध वापरात असलेला काळ : १९४८नंतर ते १९७२. १९६६पूर्वीचा शोध : घेतलेला नाही.

ही शेवटची ओळ समितीतल्या एकाही डॉक्टरच्या नजरेतून सुटली नसती. वापराचा काळ आणि शोधाचा काळ एकाखाली एक लिहिले की मधलं भगदाड वाचावं लागत नाही, ते दिसतं. समितीत एखादा ग्रंथपाल किंवा औषधशास्त्राचा शिक्षक असेल तर पुढचा प्रश्न तोच विचारेल. आणि असा प्रश्न आला म्हणून विद्यार्थ्याने ओशाळायचं कारण नाही. भिंत कुठे आहे हे त्याने स्वतःच लिहून दिलेलं असतं.

एक विनंती आमच्याच पेशातल्या लोकांना. जागा नाही म्हणून महाविद्यालयांत जुन्या बांधीव नियतकालिकांचं निर्लेखन चालू आहे. यादी होते, सह्या होतात, खंड रद्दीत जातात. परदेशी नियतकालिकांचे बहुतेक जुने अंक स्कॅन झालेले आहेत, ते गेले तर फार बिघडत नाही. १९३० ते १९७०च्या दरम्यानच्या भारतीय नियतकालिकांचं तसं नाही. त्यातल्या कित्येकांची नोंद कुठल्याही डेटाबेसात नाही, आणि आपल्या कपाटातला संच हा उरलेल्या मोजक्या संचांपैकी असू शकतो. सही करण्यापूर्वी त्या नियतकालिकाचं नाव पबमेड सेंट्रलवर, राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये आणि जवळच्या दोन-तीन जुन्या महाविद्यालयांच्या सूच्यांत शोधून बघा. कुठेच मिळालं नाही, तर तो खंड यादीतून काढा आणि त्याची निदान अनुक्रमणिका तरी मोबाइलवर टिपून ठेवा.